लाईटच्या अर्जावरचा पिवळा अंगठा

नमस्कार. या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाचते, आणि हळदीच्या शेडवरच्या बायकांना सांगते. मग आम्ही हसतो... खरं सांगते, हसतोच. कुणाला वडाखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीवर मागे कोण येऊन बसलं — मला वाटायचं झोप अर्धवट झाली की माणसाला काहीही दिसतं. माहेरी माझ्या एका चुलत्याच्या अंगात यायचं. त्याच्या घुमण्याला सुरुवात झाली की वडील आम्हा पोरींना हाताला धरून तिथून उठवायचे आणि रानात घेऊन जायचे. त्यामुळे असल्या गोष्टींची मला ना भीती, ना आवड. आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर तुम्ही हसलात तर मला राग नाही.

माझं शिक्षण सातवी. शुद्धलेखन ॲडमिन ताईंनी तपासून दिलं, त्यांचे उपकार आहेत. काही चुकलं असेल तर ते माझंच.

गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमतच्या बाजूला. मोठं आहे. नाव लिहीत नाही, कारण अजून तिथंच राहते. आम्ही मूळचे सांगलीकडचे. नवरा हळद शिजवायच्या बॉयलरवर आणि पॉलिशच्या ड्रमवर काम करतो. मालकानं मशीन इकडे आणलं, तसे आम्ही मशीनमागं आलो, त्याला चार वर्षं झाली. सीझनमध्ये तो या शेतातून त्या शेतात असतो, आठ-आठ दिवस घरी नाही. मी हळद निवडायच्या शेडवर जाते. पोरगी पहिलीत. गल्लीत माझं खरं नाव फार कुणाला माहीत नाही — 'सांगलीवाली' एवढंच.

गल्ली सरळ आहे, डोळ्यासमोर येईल अशी सांगते. तोंडाला चौक. चौकात अण्णांचे नवे गाळे, त्याला लागून अण्णांचं घर, आणि घराच्या मागच्या खोलीत तेव्हा आम्ही भाड्यानं. पुढं दोन्ही बाजूंना घरं. मधे सार्वजनिक नळ. शेवटी ओढ्याच्या काठाला एक जुनं बैठं घर, आणि त्याच्या ओट्यासमोर लाईटचा शेवटचा खांब. खांब एकूण सात.

अण्णांबद्दल आधी सांगायला पाहिजे. आम्ही आलो तेव्हा पोरगी तापानं फणफणली होती, आणि परगावच्या मशीनवाल्यांना कुणी खोली देईना. अण्णांनी दिली. ओळख नाही, कागद नाही. काकूंनी — अण्णांच्या बायकोनं — स्वतःच्या अंगावरची गोधडी काढून पोरीला दिली. पुढं शाळेत नाव घालायला अण्णाच मास्तरांकडं गेले. ते पूर्वी पंचायतीत सदस्य होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. मला 'पोरी' म्हणायचे. माझे वडील गेल्यापासून मला तसं कुणी म्हटलं नव्हतं... म्हणून सांगितलं.

आता लाईटचं. मागच्या सीझनला पंचायतीनं ठरवलं की वीजबिल झेपत नाही, तर रात्री दहा ते पहाटे पाच गल्ल्यांमधले लाईट बंद ठेवायचे. आधी पंधरा दिवस करून बघायचं आणि मग ग्रामसभेत कायमचं ठरवायचं. शिपाई दहाच्या ठोक्याला यायचा आणि डब्यातला खटका पाडायचा. सातही खांब एकदम विझायचे.

शहरातल्या लोकांना वाटेल, झोपायच्या वेळी लाईट कशाला लागतो? आमच्याकडं नळाला पाणी पहाटे साडेतीन-चारला येतं, तेही दिवसाआड. सगळ्या बायका घागरी घेऊन नळावर. गल्लीच्या एका बाजूनं उघडी नाली. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी घागरीसकट त्या नालीत गेली आणि तिचा खुबा मोडला. मोबाईलचा उजेड करावा तर एक हात त्यातच गुंततो. ओढ्याकडून साप यायचे ते वेगळेच.

आणि प्रज्ञाताई. ती आमच्याच गल्लीतली, आईबरोबर राहते, वसमतला एका दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी सुटली की शेवटच्या जीपनं येते, चौकात उतरते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. एका रात्री कुणीतरी चौकापासून तिच्या मागं मागं आलं. तिनं वळून टॉर्च मारला तर माणूस भिंतीला चिकटून तोंडावर रुमाल धरून उभा. दुसऱ्या दिवशी ती नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "पंचायतीला बिल दिसून राहिलं, मी न्हाई दिसत. दिसणार तरी कशी म्हणा, लाईटच न्हाई." बायका हसल्या.

विरोध करायचा हे त्या दिवशी नळावरच ठरलं. अर्ज द्यायचा, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. अण्णांनी पुढाकार घेतला. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, तू सगळ्या घरांत जातेस, बायका तुझ्याशी बोलतात, सह्या तूच गोळा कर. मला इतकं भारी वाटलं... परगावची बाई मी, आणि गल्लीचं काम माझ्या हाती.

त्यांनी रेघांचे कागद दिले. अनुक्रमांक, नाव, सही असे रकाने स्वतः पट्टी घेऊन आखले होते. वरचा चार बोटं भाग कोरा. "मजकूर वसमतहून टाईप करून आणतो, तो वर जोडू. तू जागा सोड, फक्त सह्या घे."

हे वाचून ज्यांना आश्चर्य वाटेल त्यांना सांगते की आमच्याकडं सगळे अर्ज असेच होतात. रस्त्याचा असो, डीपीचा असो, दारूबंदीचा असो, सह्या आधी आणि मजकूर नंतर. कारण मजकूर लिहिणारा माणूस एक असतो आणि तो घाईत असतो. कुणी विचारत नाही. मला पण गल्लीत एका माणसानंही विचारलं नाही. "लाईटचं ना? दे इकडं पेन." ज्यांना सही येत नाही त्यांच्या अंगठ्याला मी पेनाची शाई चोळायची आणि कागदावर टेकवायची. माझ्याकडं बघून दिल्या लोकांनी सह्या. कागदाकडं बघून नाही.

तीन कागद भरले. दिवे लागायची वेळ झाली, सातही खांब पेटले होते. मी चौथा कोरा कागद वर घेऊन शेवटच्या घराकडं गेले. त्या बाजूला माझं जाणं नसायचं. नळ मधेच असल्यामुळं त्याच्या पलीकडं मी चार वर्षांत फारतर दोनदा गेले असेन, तेही दिवसा, घाईत. ते घर बंद की उघडं हे मी कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

ओट्यावर एक म्हातारी बसली होती. खांबाचा उजेड बरोबर तिच्या अंगावर पडत होता. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर सूप आणि सुपात हळकुंडं. बोटं पिवळीजर्द. त्यात काही विशेष नाही, सीझनला आम्हा सगळ्यांचीच बोटं तशी असतात. ती भाकरीला लागतात, लेकराच्या गालाला लागतात. मला आपली शेडवरचीच कुणी वाटली.

मी म्हटलं, आजी, लाईटचा अर्ज आहे, अंगठा पाहिजे.

तिनं कागदाकडं पाहिलं. "काय लिवलंय वर?"

अजून काही नाही, म्हटलं, नंतर लिहिणार आहेत.

"मंग अंगठा कशावर देऊ, माय? कोऱ्यावर?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "एकदा दिला व्हता कोऱ्यावर. आता न्हाई देत. तुला लिवता येतं ना? मंग लिव."

सातवीनंतर मी चार ओळी सलग कधी लिहिल्या नव्हत्या. पण ती हलायला तयार नाही. मी ओट्यावर टेकले, कागद मांडीवर घेतला आणि वरच्या कोऱ्या जागेत लिहिलं — 'आमच्या गल्लीचे रात्रीचे लाईट बंद करू नये. आमचा विरोध आहे.' ती म्हणाली, "वाचून दाखव." वाचून दाखवलं. "पुन्हा." पुन्हा दाखवलं. मग तिनं मान हलवली. मी पेनाची शाई चोळायला तिचा हात धरायला गेले, तर तिनं तसाच अंगठा कागदावर दाबला. हळदीचा पिवळा ठसा उमटला, रेषान् रेषा दिसत होती.

नाव काय लिहू, विचारलं.

"नाव काहून लागतं? अंगठा वळखतेत लोक." मग खांबाकडं बघून म्हणाली, "ह्यो लाईट हाय म्हणून मला इथून दिसतं कोण येऊन राहिलं, कोण जाऊन राहिलं. त्यो गेला की मी काय बघू?"

मला गंमत वाटली. म्हातारी माणसं असतात की अशी, रस्ता बघत बसणारी. मी निघाले. भीती नाही, थंडी नाही, कुत्री रडत नव्हती. तुमच्या अनुभवांत जे जे असतं त्यातलं काहीच नव्हतं.

परत येताना प्रज्ञाताई तिच्या दारात भेटली, त्या दिवशी तिला सुट्टी होती. तिनं चौथ्या कागदावर सही केली. वरचं वाचलं आणि म्हणाली, अक्षर तुझं का? बरं आहे की. पिवळ्या ठशावर बोट ठेवून विचारलं, ही कुणाची हळद लागली? मी म्हटलं शेवटच्या घरची आजी. तिनं नीट ऐकलं नसावं, आत आईनं हाक मारली होती.

चारही कागद मी त्याच संध्याकाळी अण्णांच्या हातात दिले. त्यांनी एक-एक उलटला. चौथ्यावर थोडे थांबले. "हे वरचं तू लिहिलंस?" मी हो म्हटलं. त्यांनी कागद टेबलाच्या खणात ठेवले.

चार दिवसांनी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा झाली. सकाळी अकराची वेळ, वर मांडव. आमच्या गल्लीतून एवढे लोक कधी आले नव्हते. बायकाच चाळीसएक. नवरा नेमका त्या दिवशी घरी होता, तो मागं उभा होता. मी पुढं बसले. खरं सांगायचं तर जरा मिरवतच बसले.

ग्रामसेवकांनी लाईटचा विषय घेतला आणि म्हणाले, ज्या गल्लीचा सगळ्यात जास्त विरोध होता तिथल्याच नागरिकांचं पत्र आलंय. आणि वाचायला लागले. 'आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी... रात्री दहा ते पहाटे पाच लाईट बंद ठेवण्यास आमची हरकत नाही... त्याऐवजी चौकात हायमास्ट दिवा बसवून मिळावा... सोबत सह्या जोडल्या आहेत.'

मला आधी समजलंच नाही. वाटलं दुसऱ्या गल्लीचं वाचतायत.

मग त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. आमच्याच लोकांची नावं, मी ज्या क्रमानं घरं घेतली होती त्याच क्रमानं. चौक म्हणजे अण्णांच्या गाळ्यांसमोर. हायमास्ट, म्हणजे तो उंच खांबावरचा मोठा दिवा, कुणाच्या दारात लागणार हे कुणाला सांगायची गरज नव्हती. मी अण्णांकडं पाहिलं. ते सरपंचांच्या शेजारी खुर्चीवर बसले होते आणि चष्मा पुसत होते.

पण लोक त्यांच्याकडं बघत नव्हते. लोक माझ्याकडं बघत होते.

मागून एक बाई म्हणाली, "सह्या कोण घेऊन गेलतं? सांगलीवाली. हिनंच विकलं आपल्याला." कुणीतरी म्हणालं, खोलीचं भाडं माफ झालं असंल. ज्या म्हातारीचा खुबा मोडला तिची सून माझ्या शेजारी बसली होती. तिनं नुसतं अंग सरकवून घेतलं. ते मला जास्त लागलं. मी उभी राहिले. मी अण्णांकडं बघतच राहिले, की आता हे सांगतील, पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. एवढं वाक्य. तेवढंच पाहिजे होतं.

तेवढंही ते म्हणाले नाहीत.

तोवर ग्रामसेवक कागद मोजत होते. सह्यांची पानं चार, असं त्यांनी रजिस्टरला लिहायला सांगितलं.

अण्णा म्हणाले, "तीन."

"चार आहेत अण्णा."

"तीनच दिलेत मी." आवाज शांत होता, पण चष्मा पुसायचा थांबला होता.

ग्रामसेवकांनी चौथा उलटला. वाचला आणि माझ्याकडं पाहिलं. मग मोठ्यानं वाचला. 'आमच्या गल्लीचे रात्रीचे लाईट बंद करू नये. आमचा विरोध आहे.' माझं ते वाकडं अक्षर, माझीच ओळ, पटांगणात माईकवर. प्रज्ञाताई उठून पुढं गेली, कागद हातात घेतला आणि म्हणाली, ही माझी सही. मी वरचं वाचून सही केलती. सह्या विरोधाच्या व्हत्या, होकाराच्या न्हाई. तीन कागदावर वरची जागा कोरी व्हती, तिथं कुणी काय चिटकवलं ते ज्यानं चिटकवलं त्याला विचारा.

मला वाटलं सुटले मी.

मग सरपंचांनी विचारलं, हा पिवळा अंगठा कुणाचा? नाव नाही लिहिलेलं. मी सांगितलं — शेवटच्या घरची आजी, ओट्यावर बसलेली, ओढ्याकाठच्या खांबाखाली.



"त्या घराला कुलूप हाय," कुणीतरी म्हणालं.

प्रज्ञाताईनं मला हळू आवाजात विचारलं, काय म्हणाली ती? मी सगळं सांगितलं. कोऱ्यावर देत नाही म्हणाली, लिव म्हणाली, दोनदा वाचून घेतलं. ती म्हणाली, ही तर गयाबाई. प्रज्ञाताई शाळेत होती तेव्हा गयाबाई तिला हाक मारून बोलावायची आणि रॉकेलच्या कार्डापासून एसटीच्या तिकिटापर्यंत सगळं वाचून घ्यायची. दोनदा वाचायला लावायची. प्रज्ञाताई बारावीला असताना गयाबाई वारली. तेव्हापासून घर बंद. आणि कुलपाची किल्ली, हे ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, किल्ली अण्णांकडं असते.

अण्णा उठले. ते म्हणाले, मेलेल्या बाईचा अंगठा घेऊन येणारी ही बाई, हिच्या कागदावर भरवसा ठेवायचा का? जिनं एक खोटा केला ती चार खोटे करेल.

आणि लोकांना ते पटलं! मघाशी ज्यांना वाटत होतं मी विकलं, त्यांना आता वाटायला लागलं मी काहीतरी करणी-बिरणी करते. दोन बायका तर उठून लांब जाऊन बसल्या. ज्या कागदानं मला वाचवलं त्याच कागदानं दोन मिनिटांत बुडवलं.

शेवटी ग्रामसेवकांनी तोडगा काढला. आधीचे सगळे कागद बाजूला ठेवले. नवा कागद घेतला, वर मजकूर सगळ्यांदेखत लिहिला, माईकवर वाचला, आणि ज्यांचा विरोध आहे त्यांनी इथंच सही करा म्हणाले. रांग लागली. एकूण एक घर आलं. लाईट बंद करायचा ठराव आमच्या गल्लीपुरता त्याच दिवशी रद्द झाला, आणि पुढच्या महिन्यात सगळ्या गावाचा.

मी पण रांगेत होते. माझा नंबर आला तेव्हा ग्रामसेवकांनी मतदार यादी बघितली. "ताई, तुमचं नाव इथं नाही. तुमची सही चालत नाही." मी पेन खाली ठेवलं. मागच्या बाईनं ते उचललं.

संध्याकाळी अण्णांनी बोलावलं. मला वाटलं आता रागावतील, पण ते रागावले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, त्यानं मी जास्त घाबरले. काकू दारात उभ्या होत्या.

"पोरी," ते म्हणाले, "तो चौथा कागद मी माझ्या हातानं चुलीत घातला. तुझ्या काकूनं बघितलं. मग हा कुठून आणलास? कधीपासून माझ्या माघारी हे चाललं होतं?"

मी काकूंकडं पाहिलं. काकूंनी मान खाली घालून हो म्हटलं. त्यांच्याच चुलीत, त्यांच्यासमोर. राख होईपर्यंत. काकू माझ्याशी कधी खोटं बोलल्या नाहीत.

अण्णा म्हणाले, तुला घर दिलं, लेकीसारखं ठेवलं, आणि तू असा विश्वासघात केलास. हे ते मला म्हणाले. मला! आणि मी काय केलं सांगू? मी त्यांच्या पाया पडले. माफ करा म्हणाले. ज्या गोष्टीचं मला काही माहीत नाही तिच्यासाठी माफी मागितली, आणि जी त्यांनी केली तिच्याबद्दल एक शब्द विचारला नाही. ती गोधडी डोळ्यासमोर येत होती.

महिनाअखेर खोली सोडली. आता आम्ही गावाबाहेर मशीनच्या आवारात पत्र्याच्या खोलीत राहतो. तिथं खांब नाही. गल्लीत मात्र सातही लाईट रात्रभर चालू असतात, प्रज्ञाताई सांगते. ती एकटी अजून येते. बाकीचे शेडवर भेटले तर बोलतात, पण त्यांची लेकरं माझ्या पोरीबरोबर खेळायला पाठवत नाहीत.

कागदाचं मी खूप डोकं चालवून पाहिलं. मी दुसरा केला असता तर प्रज्ञाताईची सही त्यावर कुठून आली असती? ती म्हणते, सही माझीच, ठसाही तोच, मी त्या दिवशी पाहिलेला. अण्णांनी जाळताना चुकून दुसराच कागद जाळला असेल, असं नवरा म्हणतो. असेल. पण मग ग्रामसेवकांकडं चौथा कुणी दिला? अण्णा म्हणतात त्यांनी तीन दिले, ग्रामसेवक म्हणतात पाकिटात चार होते. दोघंही खोटं बोलत नाहीत असं मला वाटतं. आणि ओट्यावर कोण होतं, ते मी विचारायचंच सोडून दिलंय. कुणाला काही सुचत असेल तर खाली लिहा. टिंगल केली तरी चालेल.

एक गोष्ट मात्र मी वर लिहिली नाही. ग्रामसभेत सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही.

मी ओट्यावरून उठले तेव्हा तिनं माझ्या हातातल्या बाकीच्या तीन कागदांकडं बोट केलं होतं. म्हणाली, "त्याच्यावर बी लिव." मी म्हटलं, हो आजी, घरी जाऊन लिहिते.

घरी गेले. पेन होतं, जागा होती, वेळही होता. तीन ओळी लिहायच्या होत्या. पण अण्णांनी जागा सोड म्हणून सांगितलं होतं. वाटलं, आपण लिहिलं तर त्यांना वाटेल हिचा माझ्यावर भरवसा नाही. एवढं केलेल्या माणसाला तसं वाटू द्यायचं नाही, म्हणून मी तीनही कागद तसेच कोरे नेऊन दिले.